देशाच्या कर्जाची पोचपावती

सरांविषयी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी निम्म्या खऱ्या नाहीत. ते पुलाशी बोलायचे, हे खरं आहे. पूल त्यांना उत्तर द्यायचा, हे नंतरच्या मुलांनी जोडलेलं आहे. त्यांनी अर्थमंत्र्यांना गुळाची ढेप पार्सलनं पाठवली, ही गोष्ट मी त्यांनाच विचारली होती. "विचार होता. पार्सलचा खर्च ढेपेपेक्षा जास्त निघाला," एवढंच ते म्हणाले. पुढे लिहिलं आहे ते एक तर माझ्यासमोर घडलेलं आहे, किंवा दोन माणसांनी एकमेकांना न विचारता मला सारखंच सांगितलेलं आहे.

ते सांगलीच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायचे. घर वाईला, घाटापासून चार पावलांवर. सांगलीत हळद बाजाराच्या मागे भाड्याची एक खोली. शनिवारी दुपारी साताऱ्याची एसटी धरायची, तिथून वाई गाठायची आणि सोमवारी पहिल्या तासाला परत हजर व्हायचं, असं त्यांनी सव्वीस वर्षं केलं. हंगामात त्या बाजारातल्या हवेलाच हळदीचा रंग असतो. सरांचे पांढरे शर्ट कॉलरशी पिवळे असत आणि त्यांनी तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या कडाही. पेपर कुणाकडे तपासायला गेला होता, ते गठ्ठा बघून ओळखता यायचं.

उंची बेताची, आवाज उंचीला न शोभणारा. हातात बारा महिने छत्री. छत्रीच्या दांड्यावर पांढऱ्या रंगानं इंचांच्या खुणा केलेल्या होत्या. रस्त्यात खड्डा दिसला की सर थांबायचे, छत्री खड्ड्यात उभी करायचे, आकडा वाचायचे आणि खिशातल्या डायरीत लिहायचे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. सर त्यांच्याकडे बघून मान हलवायचे, जणू ते हॉर्न खड्ड्यासाठीच वाजत होते.

त्यांचा विषय एकच होता. पुस्तकातलं सगळं ते शिकवायचे, पण प्रत्येक धडा फिरून देशाच्या कर्जावर यायचा. लोकसंख्येचा धडा असला की कर्ज किती डोक्यांत वाटलं जातं ते निघायचं. शेतीचा असला की कालवे कुणाच्या पैशानं खोदले ते निघायचं. "सरकारनं दिलं" हे दोन शब्द त्यांच्या वर्गात चालत नसत. कुणी म्हटलं, सरकारनं पास दिला, की सर कानाला हात लावून ऐकू न आल्यासारखं करायचे. मग मुलानं वाक्य दुरुस्त करायचं: आपण उसनं घेऊन पास दिला. महिन्याभरात जिभेला ती सवय लागायची. माझ्या एका मित्रानं बहिणीच्या लग्नात आहेराच्या मिक्सरबद्दलही तसंच म्हटलं आणि मामांचा गैरसमज झाला.

दुसरा नियम ते वर्षातून दहा वेळा सांगायचे. कर्ज घेतलं की वस्तू बघून यायची. म्हैस घेतली तर गोठ्यात जाऊन बघतो, गाडी घेतली तर पुसून बघतो. देशानं आपल्या नावावर काढलेलं कर्ज तेवढं कुणी बघायला जात नाही, ही त्यांची तक्रार. म्हणून कृष्णेवरचा पूल ओलांडताना ते कठड्यावर बोटं वाजवायचे आणि विचारायचे, "बरं आहे ना?" म्हशीला विचारावं तसं. गैरसमज नको म्हणून सांगतो, ते कर्जाच्या विरोधात नव्हते. विसरलेल्या कर्जाच्या विरोधात होते.

एका पावसाळ्यात कॉलेजच्या मागचा नवा रस्ता वाहून गेला. डांबर पडून वर्ष झालं नव्हतं. सरांनी सोमवारी वर्गात दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. आम्ही उठून उभे राहिलो, कारण कुणीतरी गेलं असावं असं वाटलं. खाली बसल्यावर सर म्हणाले, "रस्ता गेला. त्याच्या मागं कर्ज आहे. ते अजून वीस वर्षं जगेल. तुम्ही चाळीस वर्षांचे व्हाल तेव्हा या रस्त्याचा शेवटचा हप्ता जाईल." मागच्या बाकावरच्या संग्रामनं विचारलं, दशक्रिया कधी आहे. सरांनी त्याला बाहेर काढलं नाही. डायरीत प्रश्न लिहून घेतला.

विभागाच्या दारावर तीन नावांची पाटी होती. त्यातली दोन नावं निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्या जागा भरल्या गेल्या नव्हत्या. तीन माणसांचे तास सर एकटे घ्यायचे. खोलीत तीन टेबलं आणि तीन खुर्च्या तशाच होत्या. शिपायानं चहा आणला की सर दोन रिकाम्या खुर्च्यांकडे बघून विचारायचे, "घेणार का?" आणि मग शिपायाला सांगायचे, "नको म्हणतात. व्याजाला गेलेत." नव्या शिपायाला पहिल्या आठवड्यात याची भीती वाटायची.

सरांचा मोठा दिवस अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी असायचा. तिसऱ्या वर्षाच्या वर्गासाठी. त्या दिवशी ते मार्केट यार्डातून गुळाची दहा किलोची ढेप आणायचे आणि टेबलावर ठेवायचे. शेजारी सुरा, शिवणकामाची टेप आणि त्या दिवशीचं वर्तमानपत्र. ही ढेप म्हणजे सरकारचा वर्षाचा पैसा. वर्तमानपत्रात बघून, टेपनं मोजून, ते तिच्यावर रेघा ओढायचे. पहिला तुकडा व्याजाचा. तो कापून बाजूला ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. मग पगार, निवृत्तिवेतन, संरक्षण, मग वर्षानुवर्षं ठरलेले खर्च. प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदावर. शेवटी टेबलावर जे उरायचं त्यात नवी भरती, नव्या शाळा आणि शिष्यवृत्त्या बसवायच्या. ते सर पहिल्या बाकावर द्यायचे आणि मागं सरकवत न्यायला सांगायचे. शेवटच्या बाकापर्यंत कागदाला चिकटलेला चुरा पोचायचा.

आमच्या वर्षी तो चुरा बघून संग्राम म्हणाला, "सर, आम्ही मागं बसतो म्हणून का?"

"नाही," सर म्हणाले. "तुम्ही नंतर जन्मलात म्हणून."

त्यानंतर ते बाजूला ठेवलेला व्याजाचा तुकडा उचलायचे. हा कुणाला मिळतो, असं विचारायचे. आम्ही परदेशी बँका वगैरे म्हणालो. सरांनी विचारलं, कुणाच्या आजीचे पैसे पोस्टात आहेत, कुणाच्या वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी आहे, कुणाच्या घरी विमा आहे. हात वर आले. त्या हातांवर व्याजाचा गूळ पडला. ज्यांच्या घरी यातलं काही नव्हतं त्यांच्या हातावर पडला नाही. ज्याला मिळाला त्यानं शेजाऱ्याला अर्धा द्यायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवलं.

गूळ संपल्यावर पावत्या. सरांनी गूळ अडत्यांची पावतीपुस्तकं छापणाऱ्या छापखान्यातून एक पुस्तक करून घेतलं होतं, त्यामुळे पावतीवर कोपऱ्यात ढेपेचं चित्र होतं. मजकूर असा: "श्री./कु. ____ यांस देशाच्या कर्जातील त्यांचा वाटा आज रोजी पोचला. मोजून घेतला. तक्रार नाही." रक्कम मुलांनी काढायची. एकूण कर्ज भागिले लोकसंख्या. मोबाइलवर तो आकडा मावायचा नाही, म्हणून फळ्यावर हातानं भागाकार. रकमेखाली रेव्हेन्यू तिकीट चिकटवून त्यावर सही. तिकीट ज्यानं त्यानं पोस्टातून आणायचं. रुपयाचं तिकीट लावलं की माणूस सही विचार करून करतो, असं सरांचं मत होतं. मागच्या बाजूला एकच प्रश्न छापलेला: "मोबदल्यात काय मिळालं?" एक प्रत सरांच्या फाइलला, एक विद्यार्थ्याला.

आमच्या वर्षीची रक्कम मी इथं देत नाही. ती दर वर्षी बदलते, आणि चुकीचा आकडा छापण्यापेक्षा न छापलेला बरा.

स्नेहल माझ्याच वर्गात होती. आटपाडीकडच्या एका गावातली. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरचा चार एकर ऊस. वर्गात ती फारशी बोलायची नाही, पण फळ्यावरचा तो भागाकार तिनं केला होता आणि तो पहिल्याच वेळी बरोबर आला होता. तिला पुण्यात एम.ए. करायचं होतं. शिष्यवृत्ती मंजूर व्हायची, पण हातात पडेपर्यंत वर्ष सरायचं. तोवर फी आणि वसतिगृह कशातून भरायचं हा प्रश्न होता. तिनं बँकेतून शैक्षणिक कर्जाचा फॉर्म आणला होता. त्यावर सहकर्जदार म्हणून वडिलांची सही लागत होती. तो फॉर्म तीन आठवडे तिच्या बॅगेत होता. घरी विचारायची हिंमत होत नव्हती, कारण त्या घरात कर्ज हा शब्द शिवीसारखा होता. सुभेदारांनी आयुष्यात कुणाचे पैसे घेतले नव्हते आणि कुणाला जामीन राहिले नव्हते. सही मिळाली नाही तर उन्हाळ्यात शिक्षण संपणार होतं.

पावत्या झाल्या त्या रविवारी ती गावी गेली. आईनं धुवायला म्हणून बॅग रिकामी केली. त्यातून दोन कागद निघाले.

मंगळवारी आमचा दुसरा तास चालू होता. दारात एक उंच माणूस उभा राहिला. पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात कापडी पिशवी.

"मे आय कम इन, सर?"

सर म्हणाले, या. तो माणूस टेबलापर्यंत आला, टाचा जुळवल्या आणि आपण स्नेहलचे वडील असल्याचं सांगितलं. स्नेहल खिडकीजवळ बसली होती. तिनं पुस्तक बंद केलं. सुभेदारांनी पावती टेबलावर ठेवली आणि तिच्यावर पिशवी ठेवली.

"सर, पोरीच्या नावावर देशाचं कर्ज निघालंय. ही रक्कम हाय. उसाचं बिल आलंय तेवढ्यातनं काढलीया. मोजून घ्या आन् भरल्याची पावती फाडा."

संग्राम हसायला लागला आणि मध्येच थांबला, कारण दुसरं कुणी हसत नव्हतं. सुभेदारांनी कागद नीट वाचला होता. गैरसमज म्हणावा तर तो मजकुराचा नव्हता. देशाचं कर्ज आहे, सही आहे, तिकीट आहे. तर ते भरलं पाहिजे, असं त्यांचं सरळ गणित होतं.

सर म्हणाले, "सुभेदारसाहेब, हे पैसे घेणारी खिडकी माझ्याकडं नाही. कुणाकडंच नाही."

"मंग सही कशाला घेतली? तिकीट लावून?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न सरांना कुणी विचारला नसावा. त्यांनी चष्मा काढला. पावती उलटून मागची बाजू बघितली. स्नेहलनं ती कोरी ठेवली होती. आम्हाला वाटलं आता सर दहा मिनिटं बोलतील. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. सही घेतली म्हणजे वस्तू दाखवायला पाहिजे. मी नुसतं सांगत आलोय, नेलं कधी नाही." आणि छत्री उचलून निघाले.

सरांच्या स्कूटरवर मागं सुभेदार, मांडीवर पिशवी. त्यांच्या मागं तीन दुचाक्यांवर आम्ही पाच जण. स्नेहल माझ्या गाडीवर होती. संबंध रस्ताभर ती एकदाच बोलली. फॉर्मचं आता विसरायचं, असं म्हणाली.

पहिल्यांदा पूल. सरांनी कठड्यावर बोटं वाजवली आणि हा आपला, असं सांगितलं. सुभेदारांची नोकरीतली बरीच वर्षं सैन्याच्या भांडारात गेली होती. ते नुसतं बघणारे नव्हते. खाली वाकून त्यांनी जोड तपासले, कठड्याला खांदा लावून ढकलून बघितलं, पाणी वाहून जायची भोकं मोजली. मग सरळ उभे राहून म्हणाले, "सर्व्हिसेबल." भांडारातल्या वस्तूची तपासणी झाली की तिच्यावर हा शेरा मारतात, वस्तू कामाची आहे. सरांनी डायरी काढून तो शब्द लिहिला. इतका खूश झालेला माणूस मी पुलावर पाहिलेला नाही.

तिथून मार्केट यार्डाकडे जाणारा रस्ता. सरांनी छत्री उभी केली, आकडा वाचला. सुभेदार म्हणाले, "अनसर्व्हिसेबल." मग एक बाग. तिथं रंगीत कारंजं होतं, कोरडं, आत पालापाचोळा. सुभेदारांनी रखवालदाराला विचारलं, पाणी कवा सोडता? तो म्हणाला, उद्घाटनाला सोडलं होतं.

"राइट ऑफ करा, वहीतनं काढून टाका," सुभेदार सरांना म्हणाले.

"वस्तू राइट ऑफ होते, साहेब. कर्ज होत नाही."

सुभेदारांनी कारंज्याकडे आणखी एकदा बघितलं. या वेळी जरा रागानं.

नंतर आम्ही बस स्थानकासमोर चहाला बसलो. सर सहज विचारल्यासारखे उसाचं विचारू लागले. किती वर्षं लावता? पाणी आलं तेव्हापासून, सुभेदार म्हणाले. आधी शाळू आणि मटकी, तीही पाऊस झाला तर. पाणी कुठून येतं? नदीचं, पंपानं उचलून कालव्यात सोडतात.

"पंप कुणी बसवले?"

"सरकारनं."

"आपण उसनं घेऊन," स्नेहल म्हणाली. ती मुद्दाम बोलली नव्हती. तीन वर्षांची सवय होती. बोलून झाल्यावर तिनं चहाच्या ग्लासाकडे बघितलं.

सरांनी मग रोख्यांचं सांगितलं. पाणी उचलायच्या योजनांना पैसा नव्हता, तेव्हा सरकारनं रोखे विकले, लोकांनी आणि बँकांनी ते घेतले, त्या पैशातून पंप आणि पाइप आले. त्याचं व्याज जात होतं. गुळाच्या ढेपेचा पहिला तुकडा, तो हा.

सुभेदारांनी मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं. "म्हंजी ह्यातबी?"

"यातही."

त्यांनी पिशवी उचलून बाकावर ठेवली. दुसरा चहा आला. मग ते सरांना सांगू लागले, आम्हाला नाही. पलटणीत असताना पगाराच्या दिवशी काही पोरं रिकाम्या हातानं बरॅकमध्ये परत यायची. पगार हातात पडायच्या आधीच घेणेकऱ्याकडं गेलेला असायचा. वीस-बावीस वर्षांची पोरं. "तवाच ठरवलं, आपल्या पोराबाळावर ही पाळी आणायची न्हाई." असं म्हणून त्यांनी पिशवीत हात घातला आणि नोटांच्या खालून बँकेचा फॉर्म काढला. तो त्यांनी गावाहून सोबत आणला आहे, हे स्नेहललाही माहीत नव्हतं.

"ह्याच्यावर सही केली तर वस्तू काय मिळंल, सर?"

इथं दुसऱ्या कुणी शिक्षकानं मुलीचं भविष्य उज्ज्वल आहे वगैरे सांगितलं असतं. सरांनी सांगितलं नाही. जागा भरत नाहीत, म्हणाले. माझ्याच विभागात दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. ही एम.ए. करेल, परीक्षा देऊन पात्र होईल, एवढं मी लिहून देतो. नोकरीचं लिहून देत नाही. आणि हप्ता तर सुरू होणारच.

सुभेदारांनी फॉर्मची घडी घालायला सुरुवात केली.

"आप्पा," स्नेहल म्हणाली, "ज्यांनी रोखं घेतलं, त्यांनी पैसं दिलं तवा तुमचा ऊस कुठं होता?"

सुभेदार थांबले. सरांकडे वळून म्हणाले, "वर्गात बी अशीच बोलती व्हय ही?"

"वर्गात बोलत नाही. आजच बोलली."

"मंग पेन द्या."

सही लगेच झाली नाही. सुभेदारांनी आधी फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मागच्या बारीक अक्षरांसकट. हप्ता कधी सुरू होतो, व्याज मधल्या काळात चढतं का, हे सरांना दोन-दोनदा विचारलं. चहावाल्यानं आमच्याकडून तीन वेळा ऑर्डर घेतली. सही करून झाल्यावर त्यांनी पोरीला एक अट घातली. वस्तू बघायला येणार. दर सहा महिन्यांनी.

ही अट त्यांनी पाळली. स्नेहल पुण्यात होती ती दोन वर्षं ते चार वेळा गेले. पहाटेच्या गाडीनं निघून दुपारी विद्यापीठात पोचायचे. वसतिगृहाच्या नळांना पाणी येतं का बघायचे, खाणावळीत एक ताट जेवायचे, ग्रंथालयात जाऊन मुलगी कुठल्या खुर्चीवर बसते ते विचारायचे आणि ती खुर्ची हलवून बघायचे. एका पहारेकऱ्यानं पहिल्या वेळी हटकलं, कुणाला भेटायचंय. सुभेदार म्हणाले, भेटायचं न्हाई, कर्ज घेतलंय, वस्तू बघायला आलोय. दुसऱ्या वेळी त्यानं सलाम केला. संध्याकाळच्या गाडीनं ते परत.

इकडे सरांचं कामही बदललं. पावत्या झाल्या की ते दर वर्षी वर्गाला दुचाक्यांवर घेऊन निघायचे. पूल, रस्ता, कारंजं. डायरीत आता इंचांपुढे शेरा असायचा. एका वर्षी त्यांनी कारंज्यासमोर रखवालदारालाही पावती दिली. त्यानं मागच्या बाजूला लिहिलं: "सावली."

सर निवृत्त झाले ते मागच्या वर्षी. निरोप समारंभ त्यांनी सभागृहात होऊ दिला नाही. विभागाच्या खोलीत, तीन खुर्च्यांच्या मध्ये झाला. जुने विद्यार्थी बाहेर पडवीत उभे होते. त्या वर्षी रिकाम्या खुर्च्यांपैकी एकीवर स्नेहल बसत होती. एम.ए. पहिल्या वर्गात, पात्रता परीक्षाही उत्तीर्ण, नेमणूक मात्र तासिका तत्त्वावर. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, आणि सुट्टीत काही नाही. संध्याकाळी ती स्पर्धा परीक्षांचे वर्ग घ्यायची आणि त्यातून हप्ता भरायची. एकही चुकला नव्हता. सर तिला चहा विचारायचे आणि ती घ्यायची; शिपायाला याचा फार आनंद झाला होता.

भाषणं संपत आली तेव्हा सुभेदार आले. तोच पांढरा शर्ट, तेच बूट. हार वगैरे काही नव्हतं. ते सरांसमोर उभे राहिले.

"सर, माझी बी एक फाडा."

सरांनी खणातून पुस्तक काढलं. शेवटची चार पानं उरली होती. बागेच्या रखवालदारापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना पावती देऊन झाली होती, पण सुभेदारांना द्यायची राहून गेली होती. फळ्यावर स्नेहलनं भागाकार केला. रक्कम चार वर्षांपूर्वीपेक्षा बरीच वाढली होती. सुभेदारांनी ती दोनदा वाचली. खिशातून रेव्हेन्यू तिकीट काढलं, आणलेलंच होतं. त्यावर सही, खाली हुद्दा.

मग त्यांनी पावती उलटली, टेबलाशी बसले आणि हळूहळू लिहायला लागले. भांडाराच्या नोंदवहीत लिहितात तसं, एकेका ओळीत एकेक वस्तू. पडवीतली मुलं दारात गोळा झाली. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले आणि मान वर करून स्नेहलला विचारलं, "पक्कं झालं का काय?"

"न्हाई, आप्पा. तासावरच हाय अजून."

त्यांनी मान हलवली, ओळ पूर्ण केली आणि पावती सरांपुढे सरकवली. सरांनी ती मोठ्यानं वाचली, त्यांच्या त्या उंचीला न शोभणाऱ्या आवाजात:

"पाणी. सर्व्हिसेबल.
पूल. सर्व्हिसेबल.
गावचा रस्ता. अनसर्व्हिसेबल.
पोरगी. सर्व्हिसेबल. जागा रिकामी."

पडवीत हशा झाला. स्नेहलही हसली, जरा उशिरा. सर हसले नाहीत. त्यांनी आपल्या खुर्चीसमोरच्या टेबलाची काच उचलली, पावती तिच्याखाली सरकवली, वाचता येईल अशी नीट बसवली आणि काच परत ठेवली. मग छत्री घेऊन साताऱ्याच्या गाडीला गेले. शनिवार होता.

ती जागा अजून भरलेली नाही, सरांचीही नाही. दारावरच्या पाटीवर तिन्ही नावं तशीच आहेत. शिपाई स्नेहलला चहा आणून देतो, आणि सरांच्या खुर्चीकडे बघून विचारतो की नाही ते तो सांगत नाही. पावती काचेखालीच आहे, कडा पिवळ्या पडायला लागल्यात. मागच्या महिन्यात सांगलीला गेलो होतो, तेव्हा बघून आलो.